मुद्दाम कापलेली गोधडी

“मशीन काढलंच आहेस, तर माझ्या पँटची चेन तेवढी बदलून टाक,” नवरा म्हणाला आणि पँट सरळ माझ्या गोधडीवर फेकून आंघोळीला गेला.

हे ‘तेवढं’ मला दवाखान्यातही पुरून उरतं. खिडकीत बसून मी लोकांना नंबर देते, आणि प्रत्येकाला ‘तेवढं’ आधी आत जायचं असतं. म्हणून तर आज रजा काढली होती. साहेबांना ‘घरगुती अडचण’ असं सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं ते.

गोधडी पांघरायची नव्हती, भिंतीवर लावायची होती. जुन्या चादरी, पडदे, शर्ट एकावर एक शिवून घ्यायचे आणि मग वरचं कापड जागोजागी कात्रीने चिरायचं. चिरेतून खालचा लाल, पिवळा डोकावतो. असले प्रयोग मी जेवणाच्या टेबलावर करते. कुणी ताट घेऊन आलं की सगळा पसारा उचलते. उद्या सकाळी ही गोधडी प्रदर्शनाच्या हॉलवर पोचवायची होती. माझं काहीतरी पहिल्यांदाच चार लोकांसमोर टांगलं जाणार होतं. या वेळी हुकलं, तर पुन्हा मी या वाटेला जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चेन बदलली. मग सुखाने कात्री चालवली. सासूबाई फिरून येईपर्यंत सगळ्या चिरा पाडून झाल्या. आता कडा तेवढ्या शिवायच्या राहिल्या. तोच मुलीचा फोन.

“आई, घरीच आहेस ना? माझं ओळखपत्र राहिलंय गं. कॉलेजच्या गेटवर आणून दे ना, प्लीज!”

घरीच आहेस ना! जशी काही मी माश्या मारत बसले होते. चरफडत गेले. तिथून निघते तर नवऱ्याचा फोन. “बाहेर पडलीच आहेस, तर आईच्या गोळ्या घेऊन ये.” दुकानात ही गर्दी. घरी पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर माझी गोधडी. पूर्वी त्या रफूची कामं घेत. जळका कोट नवा करून देणारा त्यांचा हात.

“बरं झालं बाई, मला दिसली,” त्या म्हणाल्या. “केवढी फाटली होती! निम्मी रफू झालीय, उरलेली संध्याकाळपर्यंत होईल. कुठे फाटलं होतं ते ओळखून दाखव बघू!”

ओळखू येत नव्हतं, हेच तर माझं दुर्दैव!

“आई, ते फाटलेलं नव्हतं हो! मी कापलं होतं. मुद्दाम!”

“चांगलं शिवलेलं मुद्दाम कापलंस? का गं?”

“मला आवडतं म्हणून!”

मी इतकी ओरडले की माझी मलाच लाज वाटली. पाठोपाठ रडूही आलं.

त्या हळूच म्हणाल्या, “मला आधी सांगायचंस तरी.”

“कधी सांगू? या घरात माझं ऐकायला वेळ कुणाला आहे?”

गोधडी ओढून घेतली आणि कात्री उचलली. पण जवळून पाहिलं तर काय ते काम! त्याच कापडाचे धागे काढून एकाआड एक विणलेले. या डोळ्यांनी, या वयात. राग होताच, तरी हात पुढे होईना.

“आण इकडे,” त्या म्हणाल्या.

आता ‘राहू दे, छान दिसतंय’ असं ऐकायची मी तयारी केली. त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली, रफूची जागा बोटांनी चाचपून शोधली आणि मधोमध कापली. लाल रंग बाहेर आला. त्याकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

“एवढीच, की अजून लांब?”

“अजून थोडी.”

त्यांनी अजून थोडी कापली आणि पुढची जागा चाचपायला घेतली. मीही सुईत दोरा ओवला आणि कडा शिवायला बसले. तुटलेले बारीक धागे त्यांच्या मांडीवर साचत होते. ते त्यांनी झटकले नाहीत.