पहिल्या गणितापासून

बारावीच्या परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते आणि माझ्या नणंदेच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली होती. पेन धरायची तीच दोन.

मारायला आमच्याकडे स्टीलची पट्टी होती. फूटभर, कारखान्यातली, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आखलेली. आमचे हे लेथवर काम करतात. तिथे एखादा जॉब केसभर चुकला तरी भंगारात जातो, आणि कारागीर नवा गज लावून पहिल्यापासून सुरू करतो. तोच कायदा ह्यांनी घरी आणला. एक गणित चुकलं की बोटांवर एक पट्टी, आणि पुस्तक परत पहिल्या धड्यापासून.

"दादा, इथपर्यंत बरोबर आहे ना, मग इथूनच पुढे घेऊ की."

"पाया कच्चा राहिला तर वरचा मजला कोसळतो. पहिल्यापासून."

सट्‌.

सासरे गेले तेव्हा ती आठ वर्षांची. ह्यांनीच तिला वाढवलं, अंगाखांद्यावर खेळवलं, काटकुळी म्हणून सुतळी नाव ठेवलं. ह्यांची स्वतःची गाडी ह्याच परीक्षेत, ह्याच विषयात अडकली होती, दोनदा. सुतळीला चांगले मार्क पडले तर ती दुसऱ्या शहरात होस्टेलवर राहून शिकणार होती. नाहीतर ह्यांच्याच कारखान्यात, पॅकिंगच्या टेबलावर. "खोकी चिकटवशील जन्मभर, खोकी!" हे रोज ऐकवायचे.

आणि मी? मी गणित घेऊन पदवीधर झालेली बाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. एकदा मध्ये पडले, तर दोन पट्ट्या जास्त बसल्या, त्या तिलाच. तेव्हापासून तोंडाला कुलूप. ठकू, आमची तीन वर्षांची, माझ्या पायाला मिठी मारून माझ्याबरोबर बघायची.

एका सकाळी आतल्या खोलीतून टकटक आवाज आला. ठकू बाहुलीच्या हातावर चमचा मारत होती. "चूक! पहिल्यापासून!" बाहुलीचा हात खांद्यातून निखळून पडला होता. ठकूने तो नीट परत बसवला आणि पुन्हा चमचा उगारला.

त्याच दिवशी मी गणिताचं पुस्तक उचलून कडेने पाहिलं. पहिल्या तीन धड्यांची पानं काळवंडलेली, चिंधीसारखी मऊ. पुढची पांढरीशुभ्र. इंटिग्रेशनची दोन पानं छापखान्यातच चिकटली होती, ती अजून कोणी सोडवलीसुद्धा नव्हती. तीन महिने मार खाऊन पोरगी तिसऱ्या धड्याच्या पुढे गेलीच नव्हती.

हे सकाळच्या पाळीला गेले की आम्ही दोघी बसायला लागलो.

"शेवटच्या धड्यापासून घे. चाळीस मिनिटं गणित, मग दहा मिनिटं गच्चीवर. आणि दुपारी झोपायचं."

"झोप? वहिनी, दादाला कळलं तर त्याच पट्टीने माझी हाडं मोजेल."

"मोजू दे. मिलिमीटरमध्येच येतील, एवढीशी तर आहेस."

कितीतरी दिवसांनी ती हसली. एक वेगळी वही केली. चुकलेलं गणित तेवढं त्यात लिहायचं, खाली एका ओळीत का चुकलं ते, आणि तीन दिवसांनी उत्तर झाकून परत सोडवायचं. डोकं मुळात चलाख. पण चूक दिसली की तिचं पेन थांबायचं, खांदे कानापर्यंत चढायचे, आणि ती कपाळ समोरच्या भिंतीवर आपटायची. थाड. थाड.

"अगं, हे काय?"

"सवय लागलीय. एकदा मारून घेतलं की हात पुढे चालतो."

तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. मी भिंतीवर खिळा ठोकून उशी टांगली. आम्ही दोघी त्या उशीकडे बघून आधी हसलो. मग ती रडली, मग मी.

अकरा दिवस उरले तेव्हाची सुट्टीची दुपार. हे घरी होते, म्हणजे पुन्हा पहिला धडा. ह्यांना गणित येत नाही. मागच्या पानावरचं उत्तर ते कारखान्यातल्या मापाच्या गेजसारखं लावून बघतात, बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. सुतळीचं उत्तर आलं एक भागिले रूट दोन. पुस्तकात होतं रूट दोन भागिले दोन.

"चूक."

"दादा, ते एकच असतं. खालून-वरून रूट दोनने..."

पट्टी ह्यावेळी सपाट आली नाही, धारेवर आली. बोटाच्या पेरावर कातडी फाटली आणि वहीवर रक्ताचे थेंब पडले.

"उलट उत्तर देतेस? मला शिकवतेस?"

तिने हात मागे ओढला. ह्यांनी मनगट पकडून तो टेबलावर आपटला. पाण्याचा ग्लास फुटला. पट्टी परत वर गेली, आणि दारातून ठकू आनंदाने ओरडली, "पहिल्यापासून!"

मी पट्टी धारेकडून धरली. तळहात कापला, ते नंतर कळलं. पट्टी माझ्या हातात कशी आली ते मला आजही सांगता येणार नाही. ह्यांचा उजवा पंजा टेबलावर होता. त्यावर मी ती सगळी ताकद लावून मारली.

"तेच आहे ते! अरे, अर्धा लिटर दूध आणि पाचशे मिली दूध, ह्यात फरक काय? सांग! आता बोल ना!"

लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना अरे म्हटलं. दुसरा फटका बोटांवर बसला आणि काहीतरी कट्‌कन वाजलं. हे उठले. मला वाटलं, संपले मी. ह्यांनी हात वर केला, पण तो डोकं झाकायला. कोपर कानाशी, खांदे वर, डोळे मिटलेले. हुबेहूब सुतळी.

मला बरं वाटायला हवं होतं. ठकूने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या हातून पट्टी गळून पडली.

मग मी पाव कापायची सुरी आणली, पुस्तक उभं धरलं आणि तिसऱ्या धड्याच्या शेवटी त्याचा कणा चरचर कापला. पहिले तीन धडे ह्यांच्या छातीवर फेकले. "हे तुमचे. करा उजळणी." उरलेलं जाडजूड पुस्तक सुतळीच्या मांडीवर ठेवलं. तिचं बोट बांधलं, मग माझा तळहात. ह्यांच्या बोटाचं हाड मोडलं होतं, ते डॉक्टरांनी बांधलं. "मशीनमध्ये सापडलं," हे डॉक्टरांना म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर हे घरीच होते, पण सुतळी अभ्यासाला बसली की बाहेर जिन्यावर जाऊन बसायचे. मी सांगितलं होतं तसं. चौथ्या दिवशी मी चहा द्यायला गेले तर ते तीन धडे मांडीवर उघडे.

"ते रूट दोनचं... खरंच एकच असतं?"

"खरंच."

"मग अशी किती वेळा मी तिला..."

कोणी मोजलं नव्हतं. मी कप ठेवून आत आले.

पेपरच्या दिवशी सुतळी गेटातून बाहेर आली ती बोटांना पट्ट्या बांधलेली, केस विस्कटलेली, दात काढत.

"वहिनी, शेवटून सुरू केलं! इंटिग्रेशनची सगळी आली. एक अडलं, त्यावर रेघ मारली आणि पुढे गेले."

"आणि भिंत?"

"माझा बाक मधोमध होता. भिंत लांब पडली!"

हे कधी मागे येऊन उभे राहिले ते तिला दिसलं नव्हतं. तिचं पॅड धरायला ह्यांनी पटकन हात पुढे केला. पॅड तिच्या हातून पडलं, कोपर कानाशी गेलं आणि ती जागच्या जागी खाली बसली. गेटावरचे आईबाप वळून बघायला लागले.

ह्यांचा हात तसाच हवेत. मग तो त्यांनी हळूहळू खाली घेतला, खिशात घातला आणि दोन पावलं मागे सरकले.

पॅड मी उचललं. घरी जाताना सुतळी माझ्या बाजूने चालली, ठकू माझ्या कडेवर, आणि हे मागून, ती दोन पावलं राखून. ठकू माझ्या खांद्यावरून त्यांच्या खिशातल्या हाताकडे बघत होती. मी ठकूकडे.