कोपरा कापलेलं पाकीट

गावात म्हणते, इंदुताईच्या जिभेले हाड नाई. आता कोणाच्याच जिभेले नसते बापा, पण बदनाम माहीच झाली. तवा ह्या गोष्टीत मी किती ओरडली अन् कोणावर ओरडली, हे दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मीच सांगते.

सून माही रिना, गोंडपिपरीकडची. माह्या पोरानं, निकेशनं, पळवून आणली म्हणा का ते पळून आली म्हणा, एकच. निकेश झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. दिवाळी झाली का वडशाच्या कंपनीची गाडी येते अन् होळीपर्यंत पोट्टा आज ह्या गावच्या मंडईच्या जत्रेत तं उद्या त्या गावच्या बैलाच्या शंकरपटात. रिनाच्या बापानं, श्रावणभाऊनं, साफ सांगतलं होतं, तोंडाले रंग फासणाऱ्याच्या घरी मी पोरगी देत नाई. पोरगी निघून आली. त्या दिवशी श्रावणभाऊनं विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मयताची आंघोळ, जित्त्या पोरीच्या नावानं! "माह्यासाठी ते मेली," असं चार लोकाईत म्हणलं. माय तिची लहानपणीच गेली होती. ह्याच माणसानं तिची वेणीफणी केली, ह्याच माणसानं शाळेत नेऊन बसवली, अन् ह्याच माणसानं ते आंघोळ केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाई म्हणते, ते खोटं नाई.

पोरीनं किती फोन लावले. तिचा आवाज आयकला का ठेवून दे. मंग नंबरच बदलवला बुवानं.

रिना आरमोरीत आली तवा संग काय आणलं? कपड्याची एक थैली अन् एक मशीन. मले वाटलं शेवयाची मशीन आहे. तसाच दांडा, तसेच दोन रूळ. मी खुश झाली, म्हणलं चला, सून कामाची दिसते. तं म्हणते, "आई, हे कार्ड कापाचं मशीन आहे." झालं! माही सगळी खुशी पाण्यात.

पण पोट्टीच्या हातात कला आहे, हे खोटं काऊन बोलू. लोखंडाचे पातळ पातळ साचे आहे तिच्याकडं, ते त्यायले डाय म्हणते. करंजीचं कातणं कसं कडेकडेनं कापते, तसंच. जाड कागदावर साचा ठेवाचा, वर-खाली पाट्या ठेवाच्या अन् दांडा फिरवाचा. कर्रर्र वाजते अन् बाहेर निघते मोराचं पीस, नाई तं वेल, नाई तं वाघ. मोहर्लीले लोक जंगलातला वाघ पाह्याले येते, तिथल्या दुकानात तिचे वाघाचे कार्ड जाते. त्यातला एक वाघ हासते. मी म्हणलं, "कावं, हासणारा वाघ कुठी पाह्यला तू? आमच्या मागच्या झुडपात येते तो तं नाई हासत." ते म्हणे, "आई, पर्यटकायले हासणाराच आवडते." घ्या! कापून पडलेले तुकडे ते फेकत नाई. बिस्कुटाच्या डब्यात भरून ठेवते. त्या डब्यावरून मी रोज कावकाव करत जाय.

मंग देव पावला, रिनाले दिवस गेले. सातवा महिना लागला अन् ओटी भरायची गोष्ट निघाली. मी मोठ्या हौसेनं विचारलं, काय पाह्यजे वं तुले, कोणतं पातळ आणू, काय खाशील? पोट्टी धान पाखडत होती. सूप खाली ठेवलं अन् एकदम रडाले लागली.

"मले काई नको, आई. ओटीले बाबा पाह्यजे."

"ओटी बाया भरते. बाप येऊन काय करीन?"

"काई नाई करणार. बसून राह्यतील. मले दिसतील."

मी तिच्या डोळ्याले पदर लावला अन् उलटी तिच्यावरच ओरडली का असल्या दिवसात रडत नसते. दुसरं मले येत नाई.

तवा तिनं ठरवलं का बाबाले कार्ड पाठवाचं. फोन बंद करता येते, कागद कसा बंद करन? त्यायच्या बांधावर पळसाचं झाड आहे. फुलाच्या दिवसात श्रावणभाऊ येताना एक फूल आणे अन् तिच्या वेणीत खोचे. म्हणून कार्डावर पळसच पाह्यजे. केशरी कागद आणला, फुलाचा साचा काढला. दांडा मी फिरवला, तिले जोर लावू नाई दिला. एक एक पाकळी दुमडून, खालून जरासा डिंक लावून तिनं असं फूल बसवलं का मले वाटलं आता भुंगा येते. आत चार ओळी लिहल्या. मी म्हणलं, "वाचून दाखव." ते म्हणे, "बाबा वाचतील." राहू दे बापा.

पाकीट बाकी तिनं दुसऱ्या दिवशी केलं. मी धान कापाले गेली होती, म्हणून मी ते पाह्यलंच नाई. पाह्यलं असतं तं तिथंच टराटरा फाडलं असतं. ते बिचारी मोबाइलच्या जमान्यातली, तिनं तिच्या डोक्यानं सुंदर केलं. पाकिटाचा एक कोपरा साच्यानं कापून टाकला, का आतलं पळसाचं फूल बाहेरून दिसावं. अन् स्वतःच्या हातानं पोस्टमनले देऊन आली.

मंग सुरू झालं वाट पाह्यणं. सायकलची घंटी वाजली का पोट्टी दारात. जेवताना ध्यान नाई, मशीनवर ध्यान नाई. एका कार्डावरच्या बैलाचे शिंगच कापून टाकले तिनं. मी म्हणलं, "त्या बुवाच्या छातीत दगड आहे, दगड. नको पाहू वाट." बोलली तं बोलली, पण दुपारी मीही दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली.

त्या दिवशी आंगणात धान वाळत घातलं होतं अन् मी कोंबड्या हाकलत होती. दुपारची वेळ. निकेश रातचा प्रयोग करून आत झोपला होता. फाटकापाशी एक माणूस येऊन उभा राह्यला. सदऱ्याचे बटन खाली-वर लागलेले, पायात काई नाई, छातीशी एक थैली धरलेली. मी त्यायले फक्त फोटोत पाह्यलं होतं, तरी ओळखलं. रिनाचा बाप, माहा इवाई! माह्या तोंडात आलं होतं का आता आठवण आली काय. पण तो माणूस आत येईच ना. फाटकापाशीच खाली बसला, मातीत.

"नेली का, बाई?" म्हणे. "का माही वाट पाह्यली?"

माह्या हातातली काडी पडली. "कोणाले नेली? काय बोलून राह्यले, भाऊ?"

त्यायनं थैलीतून पाकीट काढलं. ते त्यायच्या हातातून दोनदा खाली पडलं. मी पाह्यलं. कोपरा कापलेला!

आमच्या वयाच्या माणसाले सांगाव लागत नाई. फोन नोते तवा कोणी मेलं का पत्राचा कोपरा फाडून पाठवत. असं पत्र घरात नेत नाई, उंबऱ्याच्या बाहेरच वाचते अन् तिथंच फाडून टाकते. पोस्टमननं असं पत्र हातात देल्लं का बाया वाचाच्या आधीच रडाले लागत. अन् ह्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नावच नाई, फक्त आरमोरीचं गाव. श्रावणभाऊनं उघडलंच नाई. उघडून काय पाह्यन माणूस? तसेच निघाले. गोंडपिपरीवरून गडचिरोली, गडचिरोलीवरून आरमोरी, सारा रस्ता ते पाकीट छातीशी धरून.

माह्या तोंडून शब्द निघे ना. मी, इंदुताई, अन् शब्द निघे ना! तेवढ्यात आतून आवाज आला. कर्रर्र.

श्रावणभाऊनं मान वर केली.

"आई, कोण आहे?" म्हणत रिना दारात आली. केसात कागदाचे तुकडे, एक हात कमरेवर, पोट हे एवढं समोर. बापाले पाह्यलं अन् चौकट धरून उभी राह्यली.

तो माणूस उठला नाई. गुडघ्यावर, हातावर, वाळत्या धानातून तसाच तिच्याकडं सरकत गेला अन् तिचे पाय धरून पाहू लागला, हात धरून पाहू लागला. "गरम आहे," म्हणे. "बाई, हिचे हात गरम आहे." अन् मंग असा रडला, असा रडला का आतून निकेश लुंगी सावरत धावत आला. मीही रडली. कोंबड्यायनं तेवढ्यात किती धान खाल्लं, कोणाले शुद्ध?

रडणं सरलं अन् राग सुरू झाला. "कोपरा कापते का कोणी? अक्कल आहे का तुले? बापाले मारून टाकाचं होतं का?" रिनाले काई समजे ना. मी समजावून सांगतलं तवा तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, मी तं फूल दिसावं म्हणून..." एवढंच बोलली.

तिचं ध्यान थैलीकडं गेलं. थैलीतून हिरवं पातळ दिसत होतं. नवं कोरं, अन् संग हिरव्या बांगड्याचा जोड. पोट्टी हरकून गेली. "बाबा, ओटीचं पातळ आणलं?"

श्रावणभाऊनं झटक्यानं थैली मागं ओढली. मले समजलं. सवाष्ण बाई मेली तं तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं पडते, हिरवं. ते घेऊनच माणूस आला होता. ओटीलेही हिरवंच लागते, पण हे त्याच्यासाठी घेतलेलं नोतं.

"हे नाई," ते म्हणे. "हे मी नदीत सोडून येतो. दुसरं आणतो, बेटा. ह्याले हात नको लावू."

मंग मले राहवलं नाई. "काऊन हो भाऊ," मी म्हणलं, "आंघोळ केली होती ना हिच्या नावानं? मेलीच होती ना तुमच्यासाठी? मंग कायले धावत आले?"

त्यायनं माह्याकडं पाह्यलं. राग नोता डोळ्यात. "जित्ती होती, बाई," म्हणे. "जित्ती होती म्हणून मेली म्हणता आलं."

रिना खाली वाकली, वाकता येत नोतं तरी वाकली, अन् बापाच्या हातातून थैली काढून घेतली. तिलेही आता समजलं होतं ते पातळ कशाचं आहे. तिनं ते उलगडून खांद्यावरून घेतलं.

"मी मेली असं वाटलं तरी रिकाम्या हातानं नाई आले तुमी," ते म्हणे. "मी हेच नेसन."

मी अपशकुन मानणारी बाई. मांजर आडवी गेली तं मी परत फिरते. पण त्या वेळी माह्या तोंडून एक शब्द विरोधाचा निघाला असता तं माही जीभ झडली असती. मी म्हणलं, "नेस, बेटा. अन् मुहूर्त-बिहूर्त काई नाई. ओटी आत्ताच. इवाई, चला आत."

तरी ते उंबऱ्यापाशी थांबले. हातात पाकीट होतं. "हे घेऊन आत कसा येऊ?" म्हणे. "कोपरा नाई याले."

टाकून द्या म्हणाव तं आत पोरीचं कार्ड. रिना घरात गेली अन् बिस्कुटाचा तो डबा घेऊन आली, ज्याच्यावरून मी रोज बोलत होती. दारातच सगळा उपडा केला. वाघाच्या पोकळ्या, मोराच्या कडा, चांदण्या, पानं. आमी चौघं जण त्याच्यात बसून शोधू लागलो, निकेशसुद्धा. सापडला श्रावणभाऊलेच. नखाएवढा तिकोनी तुकडा. रिनानं डिंक लावला, बापानं आपल्या अंगठ्यानं दाबून धरला, वाळेपर्यंत.

मंग त्यायनं उंबरा ओलांडला.

नव्या धानाचे तांदूळ अन् नारळ मी दिलं. माय नाई तं ओटी बापानंच भरली, मीच भराले लावली. शेजारच्या बाया काय म्हणाच्या ते म्हणोत. हिरव्या पातळाच्या पदरात तांदूळ टाकताना त्यायच्या हातून अर्धे तांदूळ खाली सांडले. रिना हासत होती अन् तिच्या डोळ्यातून पाणी.

चहा झाल्यावर त्यायनं चष्मा लावला अन् पाकीट उघडलं, एकदाचं. पळसाच्या फुलावरून बोट फिरवलं. आतलं मोठ्यानं वाचलं, एक एक अक्षर लावून.

"बाबा, माझी ओटी आहे. आई असती तर ती आली असती. आता तुम्हीच या. नुसते बसून राहा."

कार्ड घडी करून खिशात ठेवलं. समोर हिरवं पातळ नेसून बसलेल्या पोरीकडं पाह्यलं.

"हाव," म्हणे, "येतो."