किल्ली कुणाच्या हाती?

"एका सहीसाठी तिसरी खेप!" डॉक्टर विजयकुमार चडफडतच लेकीला घेऊन गाडीतून उतरले. चंडीगडच्या मोठ्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाला मोहालीच्या कारखान्यात खेटे घालायला वेळ कुठला?

त्यांची लेक ऋजुता ऑटोमेशन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. कारखान्यात सहा आठवडे प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला कॉलेजला हवा होता. कारखान्याचे मालक ओळखीचे. ऋजुता एक दिवसही कामाला आली नव्हती, तरी त्यांनी दाखला छापूनही ठेवला होता. सही न देता अडून बसल्या होत्या त्या विभागप्रमुख सरोजताई, मूळच्या अकोल्याच्या.

"अहो, सगळेच असे दाखले आणतात!" डॉक्टर वैतागून म्हणाले. "पोरगी वर्गात पहिली आहे. अजून काय हवं तुम्हाला?"

"मग तिलाच विचारू की," सरोजताई म्हणाल्या. "ऋजुता, ते बाटल्या भरायचं यंत्र थांबलंय. बघ बरं काय झालंय."

ऋजुताने यंत्राच्या पडद्यावर नजर टाकली. "इझी है. मागचं दार उघडं दाखवतंय. सेन्सर खराब होगा. बायपासची चाबी द्या, सेन्सरला बगल देऊन चालू करते. लॅबमध्ये आम्ही असंच करतो."

तिने हात पुढे केला. सरोजताई जागच्या हलल्या नाहीत.

"आधी मागे जाऊन बघ."

ऋजुता गेली, तिच्यामागून डॉक्टरही गेले. दार खरोखरच उघडं होतं! विश्राम नावाचा कामगार दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून चेपलेली बाटली ओढत होता.

ऋजुताचा चेहरा पांढराफटक पडला.

"लॅबच्या संगणकात दाराआड माणूस नसतो, पोरी," सरोजताई म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "आज किल्ली माझ्या कमरेला होती. उद्या हाच दाखला बघून कुणीतरी ती हिच्या हातात देईल. तेव्हा काय कराल?"

'मॉनिटरकडे काय बघतोस, आधी रुग्णाकडे बघ!' असं कालच डॉक्टर एका शिकाऊ सहकाऱ्यावर ओरडले होते. आणि स्वतःच्या लेकीसाठी? त्यांची मान खाली गेली.

"बाबा, मी उद्यापासून येते इथे," ऋजुता पुटपुटली. "पूरे छह हफ्ते."

डॉक्टरांनी सरोजताईंच्या हातातला तो छापील दाखला घेतला आणि टराटरा फाडला. "सरोजताई, हिला शिकवा. चुकली तर खडसवा. सही मात्र हिने कमावली तरच करा!"

वाचकहो, आपणही मुलांसाठी असे कागद किती सहज गोळा करतो! पण न शिकता मिळवलेल्या दाखल्याची किंमत दाराआडच्या कुणातरी अनोळखी माणसाला मोजावी लागते. आणि त्याला तर कुणी विचारलेलंही नसतं.