साळुबाई बसायची ते स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. तीन पायांवर ठाम, चौथ्यावर जरा नाराज. माझं लाकूड घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका फणसाचं. सावळेराम सुताराने मला घडवलं आणि नव्वद-एक्याण्णव साली जीपच्या टपावर बांधून नारायणगावात, दलीचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात पाठवून दिलं. तेव्हा माझं पॉलिश असं होतं की माझ्यावर बसायला गिऱ्हाईक बिचकायचं.

माझं काम सोपं होतं. हंडा बोटाच्या पेराने वाजवून बघणाऱ्या बायका, लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून घ्यायला आलेले मामा, सगळ्यांना मी बसवलं. दुपारी शेठ आत जाऊन आडवे झाले की दुकान त्यांची बायको, कंचनबाई, सांभाळायच्या. रस्ता सुस्तावायचा, तांब्याच्या हंड्यांवर ऊन हळूहळू सरकायचं आणि मला बसल्याजागी डुलकी लागायची. कंचनबाई मात्र मांडीवर परात उपडी घालत, कपबश्यांच्या खोक्यातले गुळगुळीत कागद तिच्यावर पसरत आणि गोष्टी लिहीत.

लिहायची हौस दांडगी, पण लक्ष एका जागी चार ओळी टिकेल तर शपथ! बाहेरून बँड गेला, पेन खाली. शेजारच्या पीयूषचा पतंग तारेत अडकला, पेन खाली. त्यामुळे पहिल्या पानावर वारलेला नवरा तिसऱ्या पानावर खुशाल चहा मागायचा.

एकदा शेठनी चष्मा लावून त्यांची एक गोष्ट वाचली आणि विचारलं, "कंचन, ही तुझी नायिका आपल्या दुकानात आली तर काय घेईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे डबा घेईल की पातेलं? घासाघीस करील की मुकाट्याने जाईल?"

कंचनबाई कागद उलटसुलट चाळू लागल्या.

"मग तू हिला ओळखतच नाहीस," असं म्हणून शेठ पुन्हा आडवे झाले.

तेव्हापासून कंचनबाई गिऱ्हाइकांकडे बघायला लागल्या. कोण डब्याचं झाकण दहादा लावून बघतं, कोण घ्यायचं नसलं की जास्त भाव विचारतं, हे कागदावर उतरू लागलं. त्यांच्या गोष्टीतल्या माणसांना हातपाय फुटले. मला याचा फार अभिमान वाटायचा, कारण ती सगळी माणसं आधी माझ्यावर बसून गेलेली होती.

त्यांतली माझी सगळ्यांत लाडकी साळुबाई. तिला मी अहोजाहो करत नाही, ती माझ्याच खोऱ्यातली. डिंभ्याहून एस.टी. आली तर एस.टी.ने, नाही आली तर जानकूच्या जीपने ती दर बाजाराला यायची. घ्यायची वर्षाकाठी एखादी वाटी, बसायची मात्र तासभर. ती बसली की मला नदीकाठचं माझं झाड आठवायचं.

एका दुपारी ती धरणाच्या पाण्यात गेलेल्या आपल्या घराबद्दल सांगू लागली. कंचनबाईंचं पेन भराभर चाललं होतं. "निगायच्या दिशी मी सकाळीच उठले बघ," साळुबाई म्हणाली, आणि तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. हायवेवर टोमॅटोचा टेम्पो कलंडला होता. सगळा रस्ता लाल! कंचनबाई पायरीकडे धावल्या.

साळुबाईला त्याचा पत्ताच नाही. हंड्यांकडे बघत ती बोलत राहिली, अगदी शेवटपर्यंत. ऐकायला मी एकटाच होतो. कंचनबाई परतल्या तेव्हा ती पिशवी उचलून उभी होती.

"जाते बाई, जीप सुटंल."

कंचनबाईंनी "मग काय झालं?" असं विचारलं नाही. आपण ऐकलंच नाही हे कबूल करायची लाज वाटली असावी. राहिलेलं त्यांनी मनाने लिहून टाकलं. घर सोडताना बाई उंबऱ्याला मिठी मारते, हंबरडा फोडते, चौघे मिळून तिला ओढून नेतात. मी कितीतरी करकरलो, पण स्टुलाचं कोण ऐकतं?

ती गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली. शेठनी पेढे वाटले. साळुबाई मात्र पुढच्या बाजाराला आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. शेवटी कंचनबाईंनी जानकूला विचारलं.

"तिच्या नातीनं, श्रेयानं, तुमची गोष्ट वाचून दावली म्हनं," जानकू म्हणाला. "तवापासनं म्हातारी गप हाय."

कंचनबाईंचं लिहिणं थांबलं. बाजाराच्या दिवशी त्या माझ्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. आपलं माणूस आपणच घालवलं, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. दहा महिने असे गेले.

मग पर्युषण आलं. जैन घरांत त्याच्या शेवटी "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून सगळ्यांची क्षमा मागतात. कंचनबाई दरवर्षी साळुबाईलाही हात जोडत आणि ती दरवर्षी हसे, "आगं, केलंस काय तू, म्हून माफी मागतीस?" या वर्षी केलेलं होतं, आणि साळुबाई नव्हती. कंचनबाईंनी जानकूबरोबर निरोप धाडला, एकदा या.

ती आली, पण बसली नाही. माझ्या शेजारी उभी राहिली.

"मिच्छामि दुक्कडम्, साळुबाई," कंचनबाई म्हणाल्या. "तुम्हाला न विचारता तुमचं लिहिलं."

"त्याचा राग न्हाई मला. लिव्ह की! पन मी रडले कवा गं? हितंच बसून तुला समदं सांगितलं व्हतं, तरी तू मला रडवलंस. आता पोरं म्हनत्यात, आजीला वढून न्येली."

कंचनबाईंनी मान खाली घातली. "मी ऐकलंच नव्हतं. टेम्पो बघायला गेले होते."

साळुबाई पिशवी खाली ठेवून माझ्यावर टेकली. दहा महिन्यांनी! माझा चौथा पायसुद्धा शहाण्यासारखा उभा राहिला.

"मंग आता ऐक," ती म्हणाली. "त्या दिशी मी शेण आनलं आन समदं घर सारवून काढलं. सोपा, चुलीम्होरं, पार उंबऱ्यापातुर. आमचे मालक म्हनले, येड लागलं का, हितं आता पानी येनार. मी म्हनलं, पानी झालं तरी पावणंच की! पैल्यांदा घरी येतंय. घान घरात कसं घ्यायचं त्याला?"

बाहेरून वरात गेली, बँडसकट. कंचनबाईंनी मान वळवली नाही.

पुढच्या बाजाराला त्यांनी गोष्ट नव्याने वाचून दाखवली. साळुबाई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "व्हय, ही मी." आणि मग मित्रांनो, तिच्या डोळ्यांतून दोन थेंब माझ्यावर पडले. घर सोडताना जे आले नव्हते, ते त्या दिवशी आले. कंचनबाईंनी तिचा हात हातात घेतला. लिहिलं मात्र काही नाही.

पुढे दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. इथे मला दिवसाही स्वप्नं पडतात. हिरवं, शांत पाणी दिसतं. त्याच्या तळाशी एक घर असतं. जमिनीवर सारवणाच्या बोटांच्या रेघा अजून तशाच असतात आणि पाणी त्यांच्यावरून जपून, पाय न वाजवता फिरत असतं.

मित्रांनो, माझा चौथा पाय एका खिळ्याने बरा होईल, तेवढ्यासाठी मला मोडीत काढू नका. कुणाला तरी बसवून काही सांगायला लावायला मी अजून कामाचा आहे. कुणी सांगत असताना बाहेर टेम्पो कलंडेलच. लक्ष जाईल, तुम्ही पळालही. त्याचं मी वाईट मानत नाही. फक्त परत या आणि विचारा, "मग काय झालं?"