पावाडै म्हणजे लहंगा

हे घडलं १९७८ साली. तेव्हा कतारमध्ये, दोह्याच्या अल मुंतझा भागात चार मजली इमारत म्हणजे मोठीच. तिच्या तिसऱ्या मजल्यावर शैलजा राहायची. नवरा गिरीश तेलकंपनीत इंजिनिअर. सकाळी बस त्याला घेऊन गेली की दिवसभर घरात एसीची घरघर आणि ती. मूलबाळ नव्हतं. पुण्यात अर्धा राहिलेला प्रबंध मात्र तिनं सोबत आणला होता. विषय, हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापार जाणारे तमिळ व्यापारी. त्यांचा संघ स्वतःला 'पाचशे' म्हणवी. माणसं कितीही असोत, नाव पाचशेच.

शुक्रवारी मराठी मंडळी जमली की कुणीतरी हमखास विचारी, "काय वहिनी, तुमचे पाचशे काय म्हणतात? जेवायला आहेत ना?" सगळे हसत, तीही हसे. दिवसभर डोक्यात जे चाले ते कुणापाशी तरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि वरच्या मजल्यावर अनीसा राहायला आली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कायलपट्टणमची, घरात तमिळ बोलणारी. तिचा नवरा अबूबकर जहाजाच्या एजन्सीत कामाला होता. त्यांच्या गावात घरांच्या मागून बायकांची वेगळी गल्ली असते, एकीकडून दुसरीकडे जायला. "इधर गल्ली नहीं, तो ये सीढ़ी मेरा गल्ली," असं म्हणत अनीसा रोज खाली उतरे. हिंदी दोघींचीही मोडकी. 'अक्का' हा शब्द मात्र मराठी-तमिळ दोन्हींत होता, त्यावर काम भागे.

सुमात्रा बेटावरच्या एका तमिळ शिलालेखाशी शैलजा अडली होती. बाहेरून आलेल्या नाखव्यानं आधी सोन्यात कर भरावा आणि मगच 'पावाडै'वर पाऊल ठेवावं. तिनं तो शब्द अनीसाला विचारला.

"पावाडै? अक्का, ये तो लहंगा. छोटा लड़की लोग पहनता."

"नाखवा लहंगे पर पाँव रखेगा?"

"रखेगा तो उसका बीवी उसको छोड़ेगा क्या?"

दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्या बाईनं येऊन दार वाजवलं. त्या दिवसापासून अनीसा आली की आधी विचारी, "आज लहंगा मिला?"

पुढल्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "जाके आती हूँ, अक्का." शैलजानं ते खरं धरलं. आपल्यातही निघणारा 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती महिने मोजत राहिली. वरून पावलं वाजत ती फक्त अबूबकरची, तीही संध्याकाळनंतर.

एकदा गिरीश ऑफिसातून आला तेव्हा ती टेबलावरून उठली नाही. तो बूट काढता काढता म्हणाला, "वरची ती यायची तेव्हा पायघड्या घालायचीस. आम्हाला साधा चहाही नाही."

"काय म्हणालात?"

"चहा."

"त्याआधी."

पायघड्या. मानाच्या पाहुण्याच्या पायाखाली अंथरायचं कापड. कर भरला की परका नाखवा मानानं आत यायचा, त्या कापडावरून. लहंगाही कापडच की. तिनं गिरीशला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "अच्छा. म्हणजे मिटलं ना तुझं?" आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खुबूसच्या रोट्या घेऊन चढणाऱ्या अबूबकरला जिन्यात गाठलं.

"भाईसाब, अनीसा कब आएगी?"

त्याला प्रश्नच कळेना. "वो क्यों आएगी? एक बार इधर देखने आई थी, बस. घर उसका है, माँ ने दिया है. हमारे में औरत घर नहीं छोड़ती. जाना-आना आदमी का. मेरे बाप का भी, उसके बाप का भी."

 पाचशेंच्या बायकांबद्दल एकाही शिलालेखात अवाक्षर नव्हतं, आणि त्या कुठे होत्या हे शैलजाला आज जिन्यात कळत होतं. मग ती म्हणाली, "उसको बोलना, पावाडै का मतलब मिल गया."

"क्या मिल गया?"

तिनं समजावलं. त्यानं सभ्यपणानं ऐकून घेतलं. "बहनजी, फोन पे तीन मिनट मिलता है. बच्ची का दूध पूछूँ कि लहंगा?" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "बोलूँगा. इन्शाल्ला."

शैलजानं १९८३ साली पुण्याला परतून प्रबंध सादर केला. तोंडी परीक्षेत तिला नाण्यांबद्दल विचारलं, करांबद्दल विचारलं. त्या शब्दाबद्दल कुणी विचारलं नाही. गिरीश निवृत्तीपर्यंत दोह्यातच राहिला, शेवटची वर्षं एकटा. अबूबकर १९८६ साली कायमचा गावी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच सलग वर्षभर बायकोच्या घरी राहिला. तीन मिनिटांत त्यानं काय सांगितलं, हे त्याला विचारायचं शैलजाचं राहून गेलं. अनीसाची मुलगी मोठी झाली असणार, आणि रीतीप्रमाणे घर आता तिचं असणार. अनीसा पुन्हा दोह्याला आली नाही.