गाडी कोण चालवत होतं

डेपोत तिला सगळे लोणी म्हणायचे. तिच्या बसमध्ये उभ्या माणसालाही दांडी धरावी लागत नाही, म्हणून. अकरा वर्षं ती शहराची बस चालवत होती, आणि एवढ्या काळात साधा आरसाही कुठे घासला नव्हता. तिला शिकवलं बाबांनी. तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस; लेकीचा विषय निघाला की म्हणायचे, "माझ्यापेक्षा हलका पाय आहे तिचा."

एका रविवारी संध्याकाळी नवऱ्याच्या मित्राकडच्या पार्टीहून दोघं मोटारसायकलवर परत येत होती. वळणावर गाडी घसरली आणि दुभाजकावर आदळली. नवऱ्याचं कोपर सोलवटलं. तिचं डोकं आपटलं, डावा पाय तीन ठिकाणी मोडला. ती शुद्धीवर आली नवव्या दिवशी. पार्टीतून निघाल्यापासूनचं तिला काहीही आठवत नव्हतं.

"गाडी तू चालवत होतीस," नवरा तिचा हात हातात घेऊन म्हणाला. "वळण जोरात घेतलंस. पोलिसांना खरं ते सांगावं लागलं गं मला."

तिने मान डोलावली. न डोलावून करते काय?

मग एकामागून एक सुरू झालं. परवाना वर्षभरासाठी रोखला गेला. डेपोने चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. पायात सळई घातलेली. क्लच दाबता येईल की नाही, डॉक्टर सांगायला तयार नव्हते. आणि बाबा गेले होते. ती बेशुद्ध असतानाच, सहाव्या दिवशी, हृदय बंद पडून. आई एकदाच दवाखान्यात आली. बसलीही नाही.

"शेवटपर्यंत एकच म्हणत होते," आई म्हणाली, "माझ्या शिकवण्यातच कुठेतरी खोट राहिली."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"जावईबापूंनी. त्यांच्या पलंगाशी बसून सांगितलं बिचाऱ्यांनी."

त्यानंतर आईने फोनही उचलला नाही.

नवऱ्याने मात्र तिची सेवा केली, अगदी नाव ठेवायला जागा नाही अशी. तो तिला न्हाऊ घालायचा, केस विंचरायचा, कुबड्या आणून द्यायचा. कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. कामगारांना हेल्मेट, वेग, दारू यांवर भाषणं द्यायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, नवरा मिळावा तर असा. तिलाही तसंच वाटायचं. रोज उशीत तोंड खुपसून ती त्याची मनातल्या मनात माफी मागायची.

दोन महिन्यांनी डेपोचा म्हातारा मेकॅनिक तिला भेटायला आला. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. नवरा कामावर गेला होता. नटबोल्टने खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिच्यापुढे ठेवली. तिच्या बुटाची टाच.

"तुमची मोडकी गाडी पोलिसांच्या यार्डात पडलीय. म्हटलं, लोणीची गाडी आहे, दुरुस्त होते का बघू. मागच्या चाकात ही अडकली होती, चेन आणि आरे यांच्या मध्ये. काढायच्या आधी फोटो घेतले, तिथल्या कारकुनाची सही घेतली." त्याने टाचेवर बोट ठेवलं. "पोरी, पुढे बसणाऱ्याचा पाय तिथे पोचत नाही. काही केल्या पोचत नाही."

तिने टाच उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"चहा घ्याल?" तिने विचारलं. आवाज इतका साधा निघाला, की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याने कुणाला सांगू का, असं विचारलं. ती म्हणाली, "चौकशीच्या दिवशी या. तोवर तोंडाला कुलूप."

संध्याकाळी नवरा आला, तिच्या पायाला मालीश करू लागला. ती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. त्याच क्षणी विचारलं असतं, तर कदाचित तो पाया पडला असता, रडला असता, आणि तिला माफ करावं लागलं असतं. तिला माफ करायचं नव्हतं. बाबांना कुणी विचारायची संधी दिली होती?

"चौकशीला माझ्या बाजूने लिहून देशील?" तिने मऊ आवाजात विचारलं. "माझी चूक झाली, पण एरवी मी नीट चालवते, असं. तूच एकटा साक्षीदार आहेस."

"म्हणजे काय, देणारच!"

"सगळं सविस्तर लिही हं. मी कशी बसले होते, वेग किती होता. अर्धवट लिहिलं तर त्यांना खोटं वाटेल."

त्याने दोन पानं भरून लिहिलं. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मग म्हणाली, "तू मला हळू चालव म्हणालास, ते राहिलं." त्याने तेही घातलं. खाली झोकदार सही केली. तिने फुंकर घालून शाई वाळवून दिली.

चौकशी डेपोच्या कार्यालयात झाली. टेबलामागे व्यवस्थापक आणि दोन अधिकारी. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. लिहिलेलं त्याने वाचून दाखवलं. "हळू चालव" पाशी त्याने रुमालाने डोळेही टिपले.

"तुम्हाला काही सांगायचंय?" व्यवस्थापकांनी तिला विचारलं.

"मला आठवतच नाही, साहेब. यांना विचारा."

नटबोल्ट आत आला. त्याने फोटो मांडले, टाच मांडली, तिने त्याच्याकडे दिलेला तिच्या चिरडलेल्या डाव्या टाचेचा एक्स-रे मांडला आणि चार वाक्यांत समजावलं. त्याला त्याहून जास्त बोलता येत नसे.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. आत काहीतरी गोड, गरम पसरत गेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं झालं.

"ही सही तुमचीच ना?" व्यवस्थापकांनी विचारलं.

तो खुर्चीतच ढासळला. प्यायलो होतो, म्हणाला. नोकरी गेली असती. तिने निघताना चावी मागितली होती, मी दिली नाही. ती वाचेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने तोंडावर हात ठेवला.

महिन्याभरात त्याची सुरक्षा अधिकाऱ्याची खुर्ची गेली, पोलिसांनी त्याच्यावर खटला भरला. तिचा परवाना परत मिळाला, पण पाय पुरता बरा झाला नव्हता. डेपोने तिला तूर्त वेळापत्रकाच्या टेबलावर बसवलं. ती बॅग भरत असताना सासू दारात उभी राहिली.

"घरात विचारायचं होतंस. चार लोकांत कशाला?"

"आई, घरात विचारलं असतं, तर तुम्ही दोघांनी मिळून ते घरातच पुरलं असतं."

तिने बॅग बंद केली.

ती कुबडीवर आईकडे गेली. आईने दार उघडलं, आत घेतलं. तिने सगळं सांगितलं. आई बाबांच्या खुर्चीकडे बघत राहिली. मग पदराने नाक पुसलं.

"रडला का तो?"

"रडला."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

आईने खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ घेतली. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "सही केली तिथपासून सांग. काही गाळू नकोस."