पात्यातला वाक

मी डाव्या पायाचा बूट बोलतोय. माझा जोडीदार, उजवा, याच पिशवीत माझ्या शेजारी पडलाय. पण तो पहिल्यापासून तोंड मिटून राहणारा. सांगायची वेळ आली की मीच पुढे.

मी चालायचा बूट नव्हे. माझ्या तळव्याला लांबलचक पोलादी पातं आहे. बर्फाच्या छोट्या रिंकवर पाच-सहा जणी एकदम सुटतात, सारख्या डावीकडे वळत राहतात, आणि वळताना इतक्या कलतात की हात बर्फाला टेकतो. त्या शर्यतीसाठी माझा जन्म. म्हणून कारखान्यातच माझं पातं डावीकडे किंचित वाकवलेलं होतं. सहज बघणाऱ्याला दिसणारही नाही एवढंच. पण वळणावर बर्फ धरून ठेवतो तो हा वाकच. ती माझी खोट नव्हती, ती माझी अक्कल होती.

माझी पहिली मालकीण पुण्याची स्नेहल. तिनं मला तीन हिवाळे पळवलं, मग ती नोकरीला लागली आणि मी कबनूरच्या वर्षाराणीकडे आलो. गावाचं नाव ऐकून मला हसू आलं होतं. कबनूर म्हणजे इचलकरंजीला खेटलेलं यंत्रमागांचं गाव. दिवसभर खडखडाट, हवेत कापूस, आणि बर्फ म्हणाल तर रसाच्या गाड्यावर.

पण पोरगी जिद्दीची निघाली. रोज एसटीनं कोल्हापूरला जायची, नौमान सरांकडे चाकांच्या स्केटवर घाम गाळायची. सर चाकांवरचे उस्ताद. बर्फावर मात्र त्यांचं पाऊल कधी पडलेलं नाही. वर्षातून दोनदा ती देहरादूनच्या रिंकवर सरावाला जायची, तेव्हा माझी पाळी. गेल्या खेपेला राष्ट्रीय स्पर्धेत ती पाचवी आली. पुढच्या खेपेला पहिल्या दोघींना देशाच्या संघात घेणार होते. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला दुसरं काही नको होतं. झोपेतसुद्धा तिचा डावा खांदा खाली झुकलेला असायचा.

तिचे वडील पिराजी कारखान्यात जॉबर. माग बिघडला की ज्याला हाक जाते तो माणूस. त्यांच्या पायांचा आवाज ऐकूनच बंद माग सुरू होतो, असं कामगार थट्टेनं म्हणायचे. माझ्या धारेचं काम त्यांनी कुणालाही दिलं नाही. मागाच्या जुन्या पट्ट्या जोडून मला धरायचा साचा त्यांनी स्वतः केला. दगडावर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि माझ्यावरून असा हात फिरवायचे, जसा तान्ह्याच्या पाठीवरून फिरवतात. मला ते फार आवडायचे. हे आधीच सांगून ठेवतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी माग बंद आणि हत्यारांची पूजा. पिराजींच्या घरची रीत कडक: खोट असलेलं हत्यार पूजेला बसवायचं नाही. आदल्या दिवशी पाने, पकडी, हातोडे घासूनपुसून, मोडकं असेल ते नीट करून मगच पाटावर मांडायचं. यंदा पाटावर आम्हा दोघांनाही जागा मिळणार होती. लेकीचं हत्यार ते.

वर्षाराणी सरावाला कोल्हापूरला गेली होती. धार लावताना पिराजींची नजर नुसत्या काठावर असायची; त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी एक डोळा मिटून माझ्या पात्याच्या लांबीवरून नजर नेली आणि त्यांचा चेहराच पडला.

"सुतात न्हाय हे," ते बायकोला, तानाबाईला म्हणाले. "पोरगी आपटली व्हती की मागं. तवाच वाकलंय."

उभी हयात वाकलेले दांडे सरळ करण्यात गेलेला माणूस. त्याला ते बघवेना. तरी त्यांनी नौमान सरांना फोन करून विचारलं. सर म्हणाले, वाकलं असेल तर काढा, सरळच पाहिजे. चाकांना वाक नसतो, त्यांना तरी काय ठाऊक? पिराजींनी मला वाईसच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरलं, पात्याला कापड गुंडाळलं आणि हलक्या हातानं ठोकायला बसले. माझ्यानंतर उजवा. मी ओरडू शकलो असतो तर सगळी गल्ली गोळा झाली असती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं अगदी सरळ झालो आणि कामातून गेलो. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल आलं. लेकीच्या डोक्याला ताप नको म्हणून तिला त्यांनी काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी थेट देहरादूनलाच बाहेर निघालो. गाडी उशिरा पोचली होती, राष्ट्रीय स्पर्धेची शर्यत दुसऱ्याच दिवशी. सरावाला उतरलो आणि पहिल्याच वळणावर मी घसरलो. वर्षाराणी बाकावर बसली, मला काढलं आणि वडिलांसारखाच एक डोळा मिटून पाहिलं. वाकाच्या जागी ठोकल्याच्या बारीक खुणा होत्या. तिला सगळं समजलं.

तेवढ्यात पिराजींचा फोन आला, त्यांना आता राहवलं नव्हतं. पातं वाकलं होतं ते आपण सरळ केलं, आता कसं चाललंय, असं ते विचारत होते. आवाजात काय आनंद होता म्हणून सांगू. तिनं त्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"झकास चाललंय, पप्पा," ती म्हणाली.

दुसऱ्या एका राज्याच्या संघाबरोबर वाक द्यायचं यंत्र घेऊन आलेला माणूस होता. मला हातात घेऊन ती त्याच्यापर्यंत गेली. त्यानं मान वर केली असती तर पहिलं हेच विचारलं असतं, हा अडाणीपणा कुणी केला. ती तशीच मागे फिरली. तिथं मला तिचा राग आला होता, अजूनही येतो. पण बापाचं नाव हसण्यावारी जायला नको म्हणून माणसं काय काय करतात, ते मी पाहिलंय.

पहिली फेरी तिनं जपून, न कलता, नुसत्या पायांच्या ताकदीवर काढली. उपांत्य फेरीत तसं भागणार नव्हतं, तिथून पहिल्या दोघीच पुढे जाणार होत्या. शेवटून दुसऱ्या वळणावर ती तिसरी होती. दुसरीला गाठायचं तर कलायलाच हवं. ती कलली, माझ्यावर सगळा भार टाकला आणि मी सुटलो. ती पडली नाही, मी तिला पाडलं. मागून येणाऱ्या मुलीचं पातं तिच्या टाचेवरून गेलं. टाचेवरची जाड शीर तुटली. डॉक्टरांनी शिवली, पण पाऊल पुन्हा पहिल्यासारखं उचललं गेलं नाही.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, की बर्फ खराब होता. पिराजींनी ते खरं मानलं. कारखान्यात, चहाच्या टपरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तेच सांगायचे: "बर्फच खराब निघाला बघा, पावणं." आता वर्षाराणी बसून कापड तपासायच्या कामाला जाते. पिराजी असं बोलायला लागले की ती मान खाली घालायची.

मग एक दिवस दुपारी स्नेहल भेटायला आली. जुना बूट म्हणून तिनं मला मायेनं हातात घेतलं, पात्यावरून नजर फिरवली आणि थबकली. याचा वाक कुठं गेला, असं तिनं सहज विचारलं. चहा घेऊन आलेले पिराजी कौतुकानं म्हणाले, तो मीच काढला की. स्नेहलनं वर्षाराणीकडे पाहिलं. स्नेहलनं तिथंच थांबायला हवं होतं, पण तिनं सांगितलंच की तो वाक मुद्दाम दिलेला असतो.

पिराजींनी कपबश्या नीट खाली ठेवल्या. स्नेहल निघून गेल्यावर त्यांनी लेकीला विचारलं.

"तुला कवा कळलं?"

"पयल्या वळणाला."

"मग पळलीस कशाला गं?"

"तुमी सरळ केलंय म्हनलासा की, पप्पा. काय सांगायचं मी तुमास्नी?"

त्या दिवसापासून पिराजी कुठल्याही मागाला हात लावण्याआधी दुसऱ्याला विचारतात, बरोबर हाय न्हवं? लोकांना वाटतं, वय झालं. तिच्या पायाचा विषय कुणी काढला की वर्षाराणी घाईनं म्हणते, बर्फ खराब होता. मग पिराजींना होय म्हणून मान हलवावी लागते. तिला वाटतं, आपण बापाला वाचवतोय. मी कपाटावरच्या पिशवीत असतो. त्यांची ती हलणारी मान मला दिसत नाही, पण त्यानंतर पसरणारी शांतता इथपर्यंत येते.

तेव्हा कबनूरला कधी गेलात आणि लंगडत चालणारी ती मुलगी दिसली, तर पिराजींसमोर काही विचारू नका. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर सांगा, बूटच खराब होता. माझं त्यात काही जात नाही.